अंशाधिक अपूर्णांक: १७/५ म्हणजे ३.२ का नाही?

शाईची_दौत

लेक यंदा सहावीत आहे. काल तिची गणिताची वही चाळत होते. अंशाधिक अपूर्णांकांचं पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत रूपांतर करा, असा स्वाध्याय. १७/५ समोर बाईसाहेबांनी लिहिलंय ३.२. त्याखाली २३/४ = ५.३, २९/६ = ४.५. सगळं एकाच चालीवर, अगदी सुवाच्य अक्षरात, आणि शेजारी लाल शाईच्या फुल्या.

विचारलं तर उत्तर तयार: "पाच त्रिक पंधरा, बाकी दोन. तीन आणि दोन. मग तीन पॉइंट दोनच ना?" मी म्हटलं, अगं, तीन पूर्णांक दोन पंचमांश. त्यावर, "तेच की! फक्त लिहायची पद्धत वेगळी."

नियम मला माहीत आहे. भागाकार पुढे, बाकी वर, भाजक खाली. तो तिलाही पाठ आहे. पण ३.२ का नाही हे तिला पटत नाहीये. कॅल्क्युलेटरवर ३.४ आलेलं दाखवलं, तर म्हणे तो वेगळ्या पद्धतीने करत असेल. यावर काय बोलणार? कुणाकडे काही युक्ती असेल तर सांगा.

(इथे उभा अपूर्णांक टंकता येत नाही, म्हणून मध्ये जागा सोडून लिहितेय. ३ २/५ म्हणजे तीन पूर्णांक दोन पंचमांश. बत्तीस पंचमांश वाचू नका.)

चष्मिष्ट

एवढं पटवत कशाला बसायचं? दशांश चिन्ह दिसलं की फुली, असं सांगा आणि रोज वीस उदाहरणं घाला. आठवड्यात सरळ होईल. आम्हाला कुणी पटवून दिलं होतं?

खडूफळा

ताई, भागाकार बरोबर आहे, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. मुलगी अडलीय ती 'बाकी दोन'पाशी. तिला एकच प्रश्न विचारा: दोन काय?

चौकटींची वही घ्या. पाच चौकटींची एक आडवी पट्टी आखा. ही पट्टी म्हणजे १. मग एक चौकट म्हणजे १/५, हे ती स्वतःच सांगेल. आता अशा पट्ट्या एकाखाली एक आखायच्या आणि १७ चौकटी रंगवायच्या. तीन पट्ट्या भरतात आणि चौथीत दोन चौकटी रंगतात. १७/५ चा अर्थ तेवढाच, पंचमांशाचे सतरा तुकडे. पाच तुकड्यांचा एक पूर्ण होतो, म्हणून पाचने भागायचं. उरलेले दोन तुकडेही पंचमांशाचेच आहेत. त्यांचा आकार बदललेला नाही, मग छेद तरी का बदलावा?

इथवर बहुतेक मुलं 'हो हो' करतात, पण खरा प्रश्न पुढचा आहे. तिला म्हणा, आता याच पट्ट्यांवर तुझं ३.२ रंगवून दाखव. तीन पट्ट्या भरल्या. पुढचा .२ म्हणजे दोन दशांश. चौथ्या पट्टीचे दहा सारखे भाग करायचे तर प्रत्येक चौकट मधोमध चिरावी लागेल. त्यातले दोन भाग घेतले की होते एक चौकट. म्हणजे तिच्या ३.२ मध्ये रंगलेल्या चौकटी किती? सोळा. तिनं उत्तर काढलंय १६/५ चं आणि गणित होतं १७/५ चं. हे तिच्याच हातून वहीवर येऊ द्या, तुम्ही सांगू नका.

आणखी एक. ही चाल तिला कुठून सुचली असेल? ३७/१० घ्या. दहा त्रिक तीस, बाकी सात, उत्तर ३ ७/१०, आणि दशांशात ३.७. छेद दहा असेल तर तिची पद्धत दर वेळी बरोबरच येते. दशांश अपूर्णांक शिकताना अशी उदाहरणं भरपूर येतात, त्यावरून पोरीनं नियम बांधला. चुकीचा आहे, पण बिनडोक नाही. वर्गात मी अशा मुलांना आधी शाबासकी द्यायचो.

चष्मिष्ट, वीस उदाहरणांनी फुल्या थांबतील हे खरं. पण सातवीत ३ २/५ आणि ३.३ यांत लहान कोण विचारलं, की हेच भूत पुन्हा उठतं.

मुक्काम_पोस्ट_सातारा

सोळा चौकटींचं एकदम पटलं. वाचतोय.

सुतारपक्षी

मी इंटिरियरची कामं घेतो. आमच्याकडे हे गणित वहीत नसतं, टेपवर असतं. इंचाचे आठ सूत. हार्डवेअरच्या दुकानातही तीन सूत, चार सूत असंच मागतात. आता मिस्त्रीनं टेप लावला आणि काटा सत्ताविसाव्या सुतावर आला, तर तो सत्तावीस सूत कधीच म्हणणार नाही. "तीन इंच तीन सूत" म्हणणार. झालं की तुमचं २७/८ = ३ ३/८. आणि याचे ३.३ इंच कुणी केले, तर फळी अर्ध्या सुताहून जास्त कमी पडेल. तेवढ्यानं दार घासतं.

एक मजा सांगतो. परवा एका कपाटात मधल्या उभ्या फळ्यांची जाडी वजा जाता ५० इंच उरले. मालकीणबाईंना तीन सारखे कप्पे हवेत. ५०/३, म्हणजे १६ २/३. आता टेपवर तिसरा हिस्सा आखलेला नसतो, असतात ते सूत. मग २/३ इंचाचे सूत करा: आठ गुणिले दोन भागिले तीन, १६/३, म्हणजे ५ १/३ सूत. पुन्हा तेच रूपांतर! शेवटी मिस्त्री १६ इंच ५ सुतावर पेन्सिल ओढतो. तिन्ही मिळून झाले ४९ इंच ७ सूत. एक सूत उरला.

हडसनकाठ

सुतारपक्षी, +१. आमच्याकडे न्यू जर्सीत मुलांना हा धडा घोकावा लागत नाही, कारण इंच आणि कप घरात रोज असतात. मापाच्या कपांच्या साध्या संचात एक, अर्धा, तृतीयांश आणि पाव कप मिळतात. कृतीत पाऊण कप साखर लिहिलेली असते आणि आपल्याला करायचं असतं पाचपट, मंडळाच्या गणपतीसाठी. पाचपट पाऊण म्हणजे १५/४. पाव कपानं पंधरा वेळा मोजत बसलं, तर नववा की दहावा यावर घरात भांडण. ३ ३/४ केलं की तीन पूर्ण कप, एक अर्धा, एक पाव.

आणि इथल्या शेअर बाजारातले भाव २००१ पर्यंत अपूर्णांकात असायचे, शेवटी शेवटी तर डॉलरच्या सोळांशात. मोठमोठे दलाल आयुष्यभर ४० ३/१६ वगैरे बोलत आले. आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत रुपयाचे सोळा आणेच होते. ३७ आणे म्हणजे २ रुपये ५ आणे, २ ५/१६.

जुनं_खोड

आण्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या आधीच्या पिढीला अंशाधिक हा शब्द कुणी शिकवला नसेल, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे तोंडपाठ होते. पाऊणकी बघा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. पुस्तकाच्या भाषेत ही ३/४, ६/४, ९/४, १२/४, १५/४ यांची रूपांतरंच झाली, आणि तीही संक्षिप्त रूपात. सहा चतुर्थांशाचं एक पूर्णांक दोन चतुर्थांश करून मग वर-खाली दोनने भागा, ही उठाठेव नाही. दोन पाऊण दीड, विषय संपला.

औटकी साडेतीनाची. दोन औट सात, तीन औट साडेदहा. हडसनकाठबाईंच्या पाचपट साखरेला माझी आजी कप न शोधता पावणेचार म्हणून मोकळी झाली असती.

चष्मिष्ट

बघा! पाठांतरच ना शेवटी? मी काय वेगळं सांगत होतो?

खडूफळा

पाठांतर आहे, पण कशाचं ते बघा. पाऊणकी म्हणणाऱ्या मुलाला पाऊण म्हणजे केवढं हे आधीच ठाऊक असायचं. पावशेर, अदपाव रोज हातात. 'भागाकार पुढे, बाकी वर' यात हातात येण्यासारखं काहीच नाही, नुसती जागांची अदलाबदल आहे. पाढे पाठ हवेतच, त्यात वाद नाही. पाच त्रिक पंधरा न येणाऱ्याला मी चौकटी रंगवायला बसवत नाही.

पाटणचा_पाहुणा

जुनं खोड, तुमचं सव्वादोन आणि पावणेचार वाचून राहवलं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) उलट्या दिशेचं रूपांतर, म्हणजे पूर्णांकयुक्ताचं अंशाधिक करण्याचा नियम आहे: 'छेदघ्नरूपेषु लवा धनर्णम्'. रूप म्हणजे पूर्णांक. त्याला छेदाने गुणा आणि लव, म्हणजे अंश, त्यात मिळवा किंवा त्यातून वजा करा.

यातलं 'किंवा वजा करा' महत्त्वाचं. आजचं पाठ्यपुस्तक फक्त मिळवायला सांगतं. तिथे उदाहरणच असं आहे: 'साङ्घ्रि द्वयं त्रयं व्यङ्घ्रि'. चतुर्थांशासहित दोन आणि चतुर्थांशाविना तीन. सरळ सव्वादोन आणि पावणेतीन! पहिल्यात २ × ४ + १ = ९, म्हणून ९/४. दुसऱ्यात ३ × ४ − १ = ११, म्हणून ११/४. अधिकवाल्या प्रकाराला भागानुबंध आणि उण्याच्या प्रकाराला भागापवाह अशी नावं आहेत.

आपण घरात अकरा चतुर्थांशाला पावणेतीन म्हणतो आणि शाळेत २ ३/४ लिहितो. मुलांना दोन्ही यायला हवं असं माझं मत. ११ मधून आठ काढून तीन उरले म्हणा, नाहीतर बारा व्हायला एक कमी म्हणा. अकरा चौकटी त्याच.

शून्यवादी

सगळं छान, पण मुळात हवंय कशाला? आठवीनंतर पूर्णांकयुक्त अपूर्णांकाला कुणी विचारत नाही. बीजगणितात ३क म्हणजे तीन गुणिले क, आणि ३ १/२ मध्ये मात्र मधलं न दिसणारं चिन्ह अधिकचं. मुलांचा गोंधळ तिथे होतो. गुणाकार-भागाकार करायचा तर पुन्हा सगळं अंशाधिक करूनच घ्यावं लागतं. मग ७/२ ला ७/२ च राहू द्या की. दोन वर्षं जे शिकवायचं तेच नंतर विसरायला लावायचं, हा कुठला न्याय?

खडूफळा

न दिसणाऱ्या चिन्हाचा मुद्दा मान्य. त्यासाठी मी फळ्यावर सुरुवातीचे बरेच दिवस ३ + १/२ असं अधिक चिन्ह घालूनच लिहायचो. पुस्तकात नाही, तरी लिहायचो. कुणाची तक्रार आली नाही. गुणाकाराचंही खरं आहे. २ १/२ × ३ १/३ करताना मुलं २ × ३ आणि १/२ × १/३ करून ६ १/६ लिहितात. खरं उत्तर ५/२ × १०/३ = ५०/६ = ८ १/३. गुणाकाराला अंशाधिकच बरा.

पण आकड्याचा अंदाज घ्यायला? २२३/७१ आणि २२/७ यांत मोठा कोणता, नुसतं बघून सांगा.

शून्यवादी

तिरकस गुणाकार करून सांगतो ना. २२३ × ७ = १५६१ आणि २२ × ७१ = १५६२. म्हणजे २२/७ मोठा. हाकानाका.

खडूफळा

बरोबर. आता पूर्णांक बाजूला काढा. ३ १०/७१ आणि ३ १/७. तीन दोन्हीकडे आहेत, ते सोडा. १/७ म्हणजे १०/७०. सत्तर भाग केलेल्यातले दहा मोठे की एकाहत्तर भाग केलेल्यातले दहा? गुणाकाराची गरजच पडली नाही. आर्किमिडीजनं पायची किंमत याच दोन आकड्यांच्या मध्ये पकडली होती, ३ १०/७१ पेक्षा जास्त आणि ३ १/७ पेक्षा कमी. त्या दोन आकड्यांत अंतर किती बारीक आहे, ते या रूपात डोळ्यांना दिसतं.

पंचांगपुरुष

शून्यवादी, तुमच्या 'कशाला हवंय' ला एक उत्तर माझ्याकडूनही.

१९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, जवळजवळ नेमके. मग एका वर्षात चांद्रमास किती? २३५/१९. असं लिहून काहीच कळत नाही. भागाकार करा: एकोणीस बारे दोनशे अठ्ठावीस, बाकी सात. १२ ७/१९.

बारा म्हणजे चैत्र ते फाल्गुन. आणि बाकी उरलेले सात म्हणजे एकोणीस वर्षांत येणारे अधिक मास. इथे बाकी हा नुसता उरलेला आकडा नाही, पंचांगातले खरेखुरे महिने आहेत. मोजून बघा: २००४ ला अधिक श्रावण होता. तिथून २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२०. झाले सात. आणि २०२३ ला पुन्हा अधिक श्रावणच. फिरून चक्र सुरू. २००७ चा ज्येष्ठ २०२६ ला येतो, त्यातही अंतर एकोणीसच.

ताईंच्या लेकीच्या पद्धतीनं १२.७ केलं असतं, तर एकोणीस वर्षांत तेराहून जास्त अधिक मास आले असते. जावयांची चांदी!

(चक्र तंतोतंत नाही, प्रत्यक्ष गणितात वर्षाला सुमारे १२.३६८ महिने येतात. ७/१९ म्हणजे .३६८४, म्हणून व्यवहारात जमून जातं.)

मुक्काम_पोस्ट_सातारा

अनारशांचा खर्च आता अपूर्णांकात मांडून सासऱ्यांना पाठवतो.

अर्धविराम

सॉफ्टवेअरवाल्यांकडून थोडं विषयांतर. ऋण संख्या आली की यात पुन्हा घोळ आहे. −७/४ चं काय? शाळेत −१ ३/४ लिहितात, म्हणजे −(१ + ३/४). पण बरीच मुलं ते −१ + ३/४ असं वाचतात आणि −१/४ वर जाऊन बसतात.

संगणकाच्या भाषाही एकमताच्या नाहीत. सीमध्ये −७ ला ४ ने भागलं तर भागाकार −१, बाकी −३. पायथॉनमध्ये पूर्णांकी भागाकार −२ आणि बाकी +१. दोन्ही बरोबर. −२ + १/४ हेही −७/४ च आहे. पाटणच्या पाहुण्यांच्या भाषेत हे झालं उणे पावणेदोन. एक भाषा सव्वावाल्यांची, एक पावणेवाल्यांची.

आणि एक्सेलमध्ये ३/४ टाकलं की तारीख उमटते, त्याचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी: आधी ०, मग जागा, मग ३/४ टाका. ० ३/४ दिलं की ते मुकाट्यानं अपूर्णांक धरतं.

शाईची_दौत

धागा भलताच फुलला की! सर्वांचे आभार.

काल संध्याकाळी चौकटी रंगवल्या. तीन पट्ट्या आणि दोन चौकटी होईपर्यंत चेहऱ्यावर 'हे मला माहितीय'. मग ३.२ रंगवायला सांगितलं. चौथ्या पट्टीतल्या चौकटी मधोमध चिरताना हात हळूहळू चालायला लागला. मग सगळ्या चौकटी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि "सोळा?" पुढे तिनं स्वतःच ५.३ खोडून ५ ३/४ केलं. मी गप्प बसले होते, खडूफळा सरांची आज्ञा.

आता नवे दोन प्रश्न तिच्याकडून. एक, २०/५ चं ४ ०/५ लिहायचं का? दोन, ४२/१२ आधी लहान करायचा की आधी भागायचा? तिच्या मैत्रिणीनं आधी लहान केला, तर हिच्या भागाकारात बाकी सहा आली आणि मैत्रिणीच्या बाकी एक. दोघींचं भांडण लागलंय.

खडूफळा

२०/५ म्हणजे नुसते ४. पट्ट्या भरल्या, चौकट उरली नाही, तर लिहायला काही शिल्लकच नाही. बाकी शून्य आली की तो पूर्णांकच.

४२/१२ मध्ये भांडणाचं कारण नाही. हिनं केलं: बारा त्रिक छत्तीस, बाकी सहा, ३ ६/१२, मग ३ १/२. मैत्रिणीनं आधी सहाने भाग देऊन ७/२ केला, मग दोन त्रिक सहा, बाकी एक, ३ १/२. भागाकार दोघींचा तीनच आला, तो बदलत नाही. बाकी बदलली, कारण हिचे सहा तुकडे बारावे भाग आहेत आणि मैत्रिणीचा एक तुकडा अर्धा. बारा चौकटींच्या पट्टीत सहा रंगवा आणि शेजारी अर्धी पट्टी रंगवा, दोघींना एकत्र बसवून. आधी लहान केलं की आकडे हाताळायला सोपे, म्हणून मी मैत्रिणीच्या बाजूचा. पण ५३९/१२ सारखं आलं तर आधी भागलेलं बरं: ४४ ११/१२. इतक्या मोठ्या अंशाचे सामाईक अवयव कोण शोधत बसणार?

जुनं_खोड

सुतारपक्षी, सगळं सांगितलंत, पण तो उरलेला एक सूत कुठे गेला ते राहिलं.

सुतारपक्षी

मधल्या कप्प्याला दिला काका. ती बाई टेप घेऊन आली होती, पण दोन्ही कडेचेच कप्पे मोजून गेली.